हिरव्याआधीची रेघ

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी आई एक पत्रावळ जास्तीची मांडायची आणि वाढायची वेळ आली की उचलून घ्यायची. पळसाच्या पानांची, तिनेच काड्यांनी टाचलेली. आजोबांची, आजीची आणि धाकट्या काकांची अशी तीन पानं ओळीने असायची. चौथं थोडं अलीकडे, भिंतीशी. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, कोहळ्याची भाजी असं करत ती तिन्ही पानं वाढायची, चौथ्यापाशी तिचा हात थांबायचा, आणि मग ते पान तसंच कोरं उचलून ती फडताळामागे सरकवायची. ते पान माझ्या वच्छला मावशीचं. मावशी मेली असेल तर ती उपाशी राहत होती, आणि जिवंत असेल तर तिच्या नावाने कावळ्याला घास टाकणं म्हणजे आपल्याच हाताने तिला मारणं. हा पेच आईने चौदा वर्षं सोसला. मला तो लहानपणी समजला नाही आणि कळत्या वयात त्याचा राग यायचा, कारण ते कोरं पान उचलल्यावर त्या दिवशी घरात कुणी धड जेवत नसे.

मावशी आईची पाठची बहीण. तिला परसवाड्याला दिली होती. मी सात वर्षांची असताना गौरीच्या सणाला ती आमच्याकडे बालाघाटला यायला निघाली, बाजाराच्या दिवशी दुपारच्या बसमध्ये बसली. बसताना तिला पाहणारी चार माणसं होती. उतरताना पाहणारं एकही नाही. आईने तिला आदल्या दिवाळीत घेऊन दिलेलं हिरवं लुगडं ती नेसली होती. बाबांनी महिनाभर सायकलचं दुकान बंद ठेवून ठाण्याच्या, दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, हिरवं लुगडं, हिरवं लुगडं. पुढे सासरच्यांनी दुसरी सून आणली, बाबांनी दुकान उघडलं, आणि मावशी आमच्या घरात फक्त त्या चौथ्या पानापुरती उरली. निदान मला तसं वाटायचं.

आमच्या घरामागे भाताची गिरणी होती. तिची धडधड सकाळपासून चालायची आणि भर दुपारी बाराच्या सुमारास कामगार जेवायला गेले की एकदम थांबायची. त्या थांबण्याने कान बधिर व्हायचे. मग छोट्या लाइनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी दूर शिट्टी द्यायची, आणि पितृपक्षाच्या दिवसांत त्याच वेळी आमच्या पुढच्या दाराची कडी वाजायची. दोनदा, हलक्या हाताने. आई हातातलं काम टाकून जायची, दार उघडायची आणि उंबऱ्यावर उभी राहायची. बाहेर मला तरी कुणी दिसायचं नाही. अंगणातला पेरू, त्याची सावली, बास. परत येऊन ती पुन्हा भाकरी थापायला बसायची, आणि विचारलंच तर अगदी साध्या आवाजात सांगायची, शेजारीण येऊन गेल्याचं सांगावं तसं.

“वच्छी होती. पेराखाली उभी राह्यते. काई बोलत नाई.”

“मग आत ये म्हण ना तिला!” मी एकदा चिडून म्हणाले.

“म्हणलं. येत नाई.” आईने भाकरी उलटली. “पन मले एक समजत नाई, कुंदे. मी देल्लं हिरवं लुगडं सोडून थे पिवळं काहून नेसून येते? लाल काठाचं पिवळं. असं लुगडं तिच्यापाशी नव्हतंच कधी.”

तिच्या आवाजात भीती नव्हती, रुसवा होता. आपण हौसेने घेतलेलं लुगडं बहिणीने टाकलं, याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. मला मात्र भीती वाटली, आणि ती कळू नये म्हणून मी हसले. आईला वेड लागत चाललंय, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. तेव्हा मी एकवीस-बावीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला सगळंच पक्कं करायची घाई असते.

त्याच वर्षी मला पहिली नोकरी लागली. आमच्या मध्य प्रदेशातल्या गावात एक हिंदी साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक, ज्यांना लहानथोर सगळे भैयाजी म्हणत, त्यांना आपले पंचवीस वर्षांचे जुने अंक संगणकात उतरवून घ्यायचे होते. मी आणि एक टायपिस्ट बाई मिळून ते पिवळे पडलेले कागद दिवसभर टाइप करायचो. भैयाजींच्या इंजिनियर भाच्याने त्यावर एक शोधयंत्र बसवून दिलं होतं. वर एक रिकामी चौकट, त्यात शब्द लिहायचे आणि कळ दाबायची, की ज्या ज्या मजकुरात ते शब्द असतील तो मजकूर अंकाच्या तारखेसकट खाली यायचा. जाताना त्याने नियम एका कागदावर लिहून ठेवले आणि डिंक सापडेना म्हणून भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवले. दोन शब्द नुसते शेजारी लिहिले तर दोन्ही असलेलाच मजकूर मिळेल. अवतरणचिन्हांत लिहिले तर त्याच क्रमाने जोडून आलेले हवेत. मध्ये ‘या’, म्हणजे हिंदीतलं ‘किंवा’, लिहिलं तर दोन्हीपैकी कुठलाही चालेल. आणि एखाद्या शब्दाच्या आधी लहान आडवी रेघ मारली, तर तो शब्द जिथे आहे ते सगळं वगळलं जाईल. मी हे नियम पाढ्यांसारखे पाठ केले. पाठ करणं आणि समजणं यांतलं अंतर पुढे मला फार महागात पडलं.

त्या अंकांत शेवटच्या पानावर एक सदर असायचं, बेवारस प्रेतांच्या सूचनांचं. आसपासच्या ठाण्यांकडून त्या यायच्या आणि सगळ्या एकाच साच्यातल्या: कुठे मिळालं, अंदाजे वय, बांधा, अंगावरचे कपडे, ओळखीच्या खुणा. त्या टाइप करताना टायपिस्ट बाई आधी ‘राम राम’ म्हणायची. मी घरी येऊन हे सहज बोलले आणि बोलल्याक्षणी जीभ चावली, कारण आई दळण निवडायची थांबली होती.

“तुह्या मशिनले इचार ना मग,” ती म्हणाली. “यंदा मले सांगून टाक. अमावस्येले पान वाढू का उचलू? माह्यानं आता उचलनं होत नाई.”

अमावस्येला तेव्हा अकरा दिवस होते. कामावरचे कागद शोधून काहीच सापडणार नाही, आईचं समाधान तेवढं होईल, असं वाटून मी हो म्हटलं. आईने मावशी सांगायला सुरुवात केली. सांगितली म्हणजे काय, डोळे मिटून माझ्यापुढे उभीच केली. वय अठ्ठावीस. रंग सावळा. हनुवटीवर तीळ. पायात चांदीची जोडवी. हातात हिरव्या बांगड्या. हिरवं लुगडं. आणि डाव्या हातावर मोराचं गोंदण, तेही अर्धवट, कारण पायांपर्यंत येताच मावशी कळवळून गोंदणाऱ्या बाईच्या हातून पळाली होती, त्यामुळे मोराला पायच नव्हते. हे सांगताना आई हसली. मी ते सगळं हिंदीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत चौकटीत लिहिलं. उत्तर आलं, शून्य. घरी येऊन सांगितलं तर आईचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. “मंग आहे थे कुठंतरी,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला आणखी आठवलं, कानात बुगड्या होत्या. मी तेही घातलं. शून्य. मग कपाळावरची जुनी खोक, मग पुढचा किंचित तुटलेला दात. रोज आई एक आठवण वाढवायची, रोज मी शून्य आणायचे, आणि रोज रात्री ती दोन घास जास्त जेवायची. कडी मात्र दुपारी वाजत होती, असं ती सांगायची.

अमावस्येला दोन दिवस उरले असताना भैयाजींना आपल्याच एका जुन्या लेखाची गरज पडली. लामत्याच्या जत्रेतल्या कुस्तीवर त्यांनी कधीकाळी लिहिलं होतं. त्यांनी स्वतः चौकटीत लिहिलं: लामता, मेला, कुश्ती, पहलवान, ढोल, भीड़, इनाम. शून्य. ते वैतागतील असं वाटलं, पण त्यांनी चष्मा वर सरकवून भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला आणि मागून एकेक शब्द खोडत गेले. इनाम खोडलं, भीड़ खोडलं, ढोल खोडलं. मग लेख आला. त्यात ढोलाचं नावही नव्हतं.

“देखो बेटा,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मला वाटायचं, जास्त सांगितलं की याला जास्त समजेल. उलटं आहे. मला तो ढोल आठवून राहिला, पण लिहायच्या दिवशी मी तो लिहिलाच नव्हता. मशीनला आपली याद नाही माहीत. लिहिणाऱ्याने काय लिहिलं, बस तेवढंच माहीत.”

ते उठून गेले आणि मी त्या खुर्चीशी तशीच उभी राहिले. आठ दिवस मी आईला जे शून्य नेऊन देत होते, ते मावशीबद्दलचं नव्हतंच. ते माझ्या प्रश्नाबद्दलचं होतं. कुठल्या हवालदाराने प्रेतापाशी उभं राहून बुगड्या, तीळ, खोक, दात असं सगळं लिहिलं असणार होतं? आई जितकं प्रेमाने सांगत होती तितकी मावशी यंत्राच्या आड जात होती. आणि हे मला आता कळलं होतं. कळलं नसतं तर मी आयुष्यभर शून्य आणत राहिले असते आणि आई जेवत राहिली असती. मला भैयाजींचा राग आला, हे मी आज कबूल करते.

त्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा मी एकटी बसले. गिरणी इथूनही ऐकू यायची, ती थांबली. मी दात खोडला, खोक खोडली, बुगड्या, जोडवी, तीळ, बांगड्या. दर वेळी कळ दाबायची आणि दर वेळी शून्य. शेवटी उरलं: महिला, गोदना, मोर, हरी साड़ी. शून्य. साडी खोडायला माझा हात धजेना. बाबांनी ठाण्याठाण्यात सांगितलेली, आईने हौसेने घेतलेली ती एकच गोष्ट आम्हा सगळ्यांना खात्रीने माहीत होती. म्हणून मी ती खोडली नाही. ‘हरी’च्या आधी ती लहान आडवी रेघ मारली. हिरवं जिचं नाही अशी, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःला समजावलं की असं विचारल्याने आपली मावशी यात येणारच नाही, म्हणजे बघायला हरकत नाही. कळ दाबली.

एक सूचना आली. तारीख आमच्याच सणानंतरच्या आठवड्याची, मावशी गेली त्या वर्षाची. राजेगावजवळ नदीकाठी अज्ञात महिला, वय अंदाजे तीस, रंग सावळा. बाएँ हाथ पर मोर का गोदना, मोर के पैर नहीं. आणि त्याच्या वरच्या ओळीत: बदन पर पीली साड़ी, लाल किनार.

त्या खोलीत पंखा फिरत होता, तरी मला वारा लागेना. मोराच्या पायांचं वाचून मला रडू यायला हवं होतं. पण मी त्या वरच्या ओळीकडे बघत राहिले. पिवळं, लाल काठाचं. ही ओळ चौदा वर्षं त्या कागदांच्या गठ्ठ्यात बांधलेली होती. मग आईने ते लुगडं कुठे पाहिलं? मी मागे वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं, आणि तरीही मी तिथून पळत निघाले ती थेट बाबांच्या दुकानात.

बाबा चाकाच्या तारा आवळत होते. मी सांगितलं.

“वाचलं होतं म्या थे,” ते म्हणाले. “ओट्यावर बसून तुह्या मायले वाचून दाखवून राह्यलतो. पिवळी साडी आलं आन् म्हणलं, हे आपली नोहे. पुढचं वाचलंच नाई.” त्यांनी चाक खाली ठेवलं. “पुढं एकच ओळ होती ना?”

“हौ बाबा.”

“एकच ओळ,” ते पुन्हा म्हणाले, आणि माझ्यासमोर कधीही न रडलेला हा माणूस तेलकट हातांनी तोंड झाकून रडला.

म्हणजे आईने ते वर्णन कानाने ऐकलं होतं. चुलीशी बसल्या बसल्या, अर्धवट, आणि ते तिच्या मनात कुठेतरी राहिलं असेल. आता माझे केस पिकलेत, माझी लेक त्या वेळच्या माझ्या वयाची आहे, आणि तिला ही हकिगत सांगताना मी हेच स्पष्टीकरण देते. दिवसा ते मला पटतंही. पण पुढे राजेगावला जे झालं ते सांगायला लागले की ते अपुरं पडतं.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “पिवळं लुगडं तिले देल्लं कोनं?” दुसऱ्या दिवशी बाबा, आई आणि मी बसने राजेगावला गेलो. आईने सोबत ओटीचं सामान घेतलं होतं, खण, नारळ आणि तांदूळ. का ते विचारलं तर म्हणाली, जिनं लुगडं देल्लं तिच्यासाठी. नदीकडच्या वस्तीत विचारत विचारत गेलो. जुन्या लोकांना आठवत होतं. त्यांनी आम्हाला धुरपताबाईंच्या दारात आणून सोडलं. वाळलेल्या शेंगेसारखी बारकी म्हातारी, सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली. आईने वर्षाचं, नदीचं, मोराचं नाव काढलं, तसं तिने सूप बाजूला ठेवलं.

“तिच्या अंगावर नदीनं धड काई ठेवलं नव्हतं, बाई,” ती म्हणाली. “नुसत्या चिंध्या. मानसं यायच्या आधी आमी बायांनी तिले झाकलं. शेवटचं लुगडं माहेरचं लागते ना? तिचं माहेर कुठं होतं कोनाले ठाऊक. मंग म्हणलं, आपुनच तिचं माहेर. माह्या पेटीत एक नवं होतं, पिवळं. थेच नेसवलं. मंग हवालदार आला, त्यानं जे अंगावर दिसलं थे लिवलं.”

इतकं साधं होतं ते. आमच्या भागात मेलेल्या सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि ज्यांनी मावशीचं माहेर होऊन ते नेसवलं, त्यांच्या त्या मायेनेच तिचं खरं माहेर तिच्यापासून चौदा वर्षं दूर ठेवलं. मावशी बालाघाटला न उतरता इथवर का आली, नदीकडे का गेली, हे त्या म्हातारीलाही माहीत नव्हतं. ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

आईने तिची ओटी भरली, पाया पडली. म्हातारी तिच्याकडे निरखून बघत होती. मग तिने जरा बिचकतच विचारलं, “तुमी तिच्या बहीन, म्हनून इचारतो. बाई, तिच्यापाशी हिरवं लुगडं होतं का?”

आईचा हात तिच्या पायांवरच राहिला.

“त्या चिंध्या तं मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या, काई समजत नव्हतं,” धुरपताबाई म्हणाली. “पन थे येते ना माह्या दारी. दर पितरपाखात, भर दुपारच्या वक्ती. कडी वाजवते आन् तिथं चिचेखाली उभी राह्यते. मी म्हनतो, बाई, मी तुले येवढं माह्यं नवं लुगडं नेसवलं, मंग हे हिरवं काहून नेसून येतं? बोलत नाई. नुसती पाह्यते.”

मी बाबांकडे बघितलं आणि बाबांनी मान खाली घातली. आईने त्या म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्या दोघी, एक बहीण आणि एक अनोळखी बाई, तिथे ओसरीवर किती तरी वेळ एकमेकींना धरून बसल्या. म्हातारीकडे ती आईचं लुगडं नेसून येत होती आणि आईकडे म्हातारीचं. चौदा वर्षं ती दोन दारांमध्ये एवढा एकच निरोप घेऊन फिरत होती, आणि आम्हाला तो वाचता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. आईने चार पानं मांडली, चौथं भिंतीपासून पुढे ओढून इतरांच्या ओळीत आणलं. वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी. चौथ्या पानापाशी तिचा हात थांबला नाही. तिथे तिने खीर दोन पळ्या जास्त वाढली, कारण मावशीला खीर आवडायची. हे आईने मला त्या यादीत कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी ते पान कौलांवर ठेवलं आणि कावळा लगेच बसला. गिरणी थांबली, गाडीची शिट्टी झाली. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. कडी वाजली नाही. मग आई ताटावर बसली, पहिला घास हातात घेतला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा बहिणीसाठी मोठ्याने रडली.

हल्ली माझ्या लेकीच्या फोनवर काहीही विचारता येतं. एखादा शब्द चुकला तरी फोन समजून घेतो, न विचारलेलंही पुढे आणून ठेवतो. लेक म्हणते, तुमच्या वेळचं ते यंत्र किती मठ्ठ होतं. असेल. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला शेवटचं लुगडं माझ्या मामेभावाने आणलं, हिरवं. त्या वर्षापासून पितृपक्षात मी दुपारी पुढचं दार लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. अजून कुणी आलेलं नाही. आलंच तर कुठलं लुगडं आहे ते मी आधी नीट बघेन, आणि मग ते कुणाचं आहे हे शोधायला निघेन.